एसडीए6 जागेवर होतं, स्वॅप नव्हतं

त्या सोमवारी सकाळी गावात लाइट नव्हती. ती आली तेव्हा मी नुकतीच वाचनालयात शिरत होते आणि आतल्या खोलीत अण्णांनी स्कॅनिंगच्या मशीनचं बटण दाबलं होतं. अण्णा आमचे शिपाई. मशीन चालू करणं हे त्यांचं रोजचं काम आहे, त्यामुळे त्याला किती वेळ लागतो हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. मला हाक मारून म्हणाले, "ताई, आज हे काहीतरी मोजत बसलंय."

काळ्या पडद्यावर लाल चांदण्या डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे सरकत होत्या. शेजारी डिस्कचा एक लांबलचक क्रमांक, आणि त्याच्यापुढे 27 सेकंद, 28 सेकंद, 29 सेकंद. मर्यादाही तिथेच लिहिलेली: 1 मिनिट 30 सेकंद. नव्वद भरले, वेळ संपल्याची एक ओळ आली, आणि मग नेहमीसारखा लॉगिनचा पडदा आला. सगळं व्यवस्थित दिसत होतं. आदल्याच दिवशी, म्हणजे रविवारी, मी या मशीनची पार्टिशनं, म्हणजे डिस्कचे पाडलेले भाग, बदलली होती. डिस्क नव्या रचनेत पहिल्यांदाच चालू होतेय, काहीतरी तपासत असेल, असं मी धरून चालले. हे धरून चालणं पुढे तीन दिवस महागात पडलं. तेच इथे सविस्तर लिहिते आहे, कारण जुन्या मशीनवर लिनक्स चालवणारी माझ्यासारखी बरीच माणसं गावोगावच्या शाळांत, वाचनालयांत आहेत, आणि पार्टिशन कसं बदलायचं हे सगळे सांगतात, बदलल्यानंतर काय तपासायचं हे सहसा कुणी सांगत नाही.

आधी मशीनबद्दल. जोडून घेतलेला जुना डेस्कटॉप, 4 जीबी रॅम, 500 जीबीची फिरती हार्डडिस्क. लिनक्स मोजतं तेव्हा ती 465.8 भरते, कारण कंपन्या हजाराने गुणतात आणि लिनक्स 1024 ने. त्यावर डेबियन 12 हे लिनक्स आहे, आणि एका कोपऱ्यात विंडोज 7, कारण वाचनालयाच्या दाखलनोंदीचा जुना प्रोग्रॅम अजून त्यातच चालतो. या मशीनवर आम्ही जुन्या मासिकांचे बांधीव खंड स्कॅन करतो आणि टेसरॅक्टने त्यातला मजकूर ओळखून घेतो, म्हणजे पुढे शोधता येतो. खिळ्यांवर छापलेलं जुनं मराठी ओळखणं सोपं नाही. झिजलेल्या खिळ्यावरचा रफार पुसट येतो, 'दऱ्या' मधल्या अर्ध्या र च्या जागी भलतंच काहीतरी उमटतं. म्हणून शाळेच्या पुस्तकाला 300 डीपीआय, म्हणजे इंचाला 300 ठिपके, पुरतं तिथे आम्ही 600 घेतो, आणि कागद पिवळा पडलेला असल्यामुळे रंगीत घेतो.

याचा रॅमशी काय संबंध, ते आकड्यांतच सांगते. ए4 आकाराचं पान 600 डीपीआयने घेतलं की 4960 गुणिले 7016 ठिपके होतात, म्हणजे जवळजवळ साडेतीन कोटी. रंगीत असल्यामुळे प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट्स. डिस्कवर तीच जेपेग फाइल चार-पाच एमबीची दिसते, पण उघडली की रॅममध्ये शंभर एमबीच्या वर जागा घेते. सरळ करायला एक प्रत, काळी-पांढरी करायला आणखी एक, आणि अशी चार पानं एकाच वेळी चार प्रोसेसमध्ये. 4 जीबी रॅममध्ये ब्राउझर आणि डेस्कटॉपही उघडे असताना हे काम स्वॅपच्या आधाराशिवाय होणारच नाही. स्वॅप म्हणजे रॅममध्ये मावेनासं झालं की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, रॅममधल्या ज्या मजकुराला बराच वेळ हात लागलेला नाही तो डिस्कवर नेऊन ठेवतो, ती जागा. घरातल्या माळ्यासारखी. माळ्यावरची वस्तू काढायला वेळ लागतो, पण माळाच नसेल तर खाली चालायला जागा उरत नाही.

आता रविवारचं काम. लिनक्स या डिस्कला एसडीए म्हणतं आणि तिच्या भागांना एसडीए1, एसडीए2 असे क्रमांक देतं. डिस्कची रचना अशी होती: एसडीए1 आणि एसडीए2 विंडोजची, साधारण 98 जीबी. पुढे एसडीए3 हे एक्स्टेंडेड पार्टिशन, 368 जीबीचं, आणि त्याच्या पोटात तीन लॉजिकल: एसडीए5 मध्ये डेबियन, 80 जीबी; एसडीए6 स्वॅप, 4 जीबी; आणि एसडीए7 हे एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या पद्धतीचं, 284 जीबी, ज्यात स्कॅन ठेवायचे. जुन्या पद्धतीच्या पार्टिशन टेबलमध्ये चारच मुख्य पार्टिशनं बसतात, त्यांना 1 ते 4 क्रमांक राखीव असतात, म्हणून पोटातली कायम 5 पासून सुरू होतात.

डेबियनची 80 जीबी भरत आली होती आणि स्कॅन दोन ठिकाणी विभागल्यामुळे गोंधळ होत होता. ठरवलं की एसडीए7 काढून टाकायचं आणि सगळी जागा डेबियनला द्यायची. पण मध्ये स्वॅप बसलेलं. डेबियनला उजवीकडे वाढवायचं तर त्याला लागूनच मोकळी जागा हवी. मग स्वॅपही काढायचं, डेबियन वाढवायचं, आणि शेवटी नवीन स्वॅप करायचं. रॅम कमी पडते म्हणून स्वॅप 4 ऐवजी 8 जीबी, डेबियनला 360. हिशेब बरोबर 368.

स्कॅन आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवले आणि चेकसम जुळवून, म्हणजे प्रती मुळाशी तंतोतंत जुळतात ना ते, पाहिलं. दोनशेच्या वर जीबी, शनिवारची दुपार त्यात गेली. हे कुणीही टाळू नये. आमच्याकडे पावसाळ्यात लाइट कधी जाईल सांगता येत नाही, आणि पार्टिशन सरकवलं जात असताना लाइट गेली तर अर्धा मजकूर जुन्या जागी, अर्धा नव्या जागी अशी अवस्था होते. म्हणूनच मी डावीकडे काहीही सरकवायचं नाही असं ठरवलं होतं. उजवीकडे वाढवताना जुना मजकूर जागचा हलत नाही, फक्त पुढची जागा जोडली जाते आणि काम मिनिटांत होतं. पार्टिशनची सुरुवात डावीकडे न्यायची म्हटली की सगळा मजकूर उचलून पुन्हा मांडावा लागतो आणि त्याला तास लागतात. यूपीएस आहे, पण त्याची बॅटरी वीस मिनिटांच्या पलीकडे टिकत नाही.

मिंट या दुसऱ्या लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे डिस्कवरचं डेबियन न उघडता, मशीन सुरू केलं, पार्टिशनं बदलायचा जीपार्टेड हा प्रोग्रॅम उघडला, तर एसडीए3 आणि एसडीए6 दोन्हींसमोर कुलपाची खूण. मी तर काहीच माउंट केलेलं, म्हणजे वापरायला जोडलेलं, नव्हतं. थोडा विचार केल्यावर लक्षात आलं की लाइव्ह सिस्टिमलाही रॅम कमी पडते, त्यामुळे डिस्कवर स्वॅप दिसलं की ती ते आपणहून वापरायला घेते. वापरात असलेलं स्वॅप काढता येत नाही, आणि ते ज्याच्या पोटात आहे त्या एक्स्टेंडेडलाही हात लावता येत नाही. एसडीए6 वर उजवं क्लिक करून स्वॅपऑफ निवडलं, दोन्ही कुलपं गेली. एसडीए7 काढलं, एसडीए6 काढलं, एसडीए5 वाढवलं, शेवटी 8 जीबीचं नवं लिनक्स स्वॅप केलं. त्याला आपोआप क्रमांक मिळाला तोच, एसडीए6. मला त्या वेळी ते चांगलंच वाटलं. क्रमांक बदलला नाही म्हणजे कुठे काही बदलायला नको.

सोमवार आणि मंगळवार काही बिघडलं नाही, कारण मी फक्त स्कॅन करत होते. स्कॅन करायला रॅम फार लागत नाही. मंगळवारी सकाळीही मशीन चालू व्हायला तेवढाच वेळ लागला. आमचे ग्रंथपाल सर म्हणाले, "मशीन म्हातारं झालं असेल हो ताई." मी मान डोलावली.

बुधवारी दुपारी 412 पानांचा एक खंड टेसरॅक्टला दिला, चार-चार पानं एका वेळी. शेजारी ब्राउझरमध्ये त्याच खंडाची नोंद भरत होते, लेखाचं नाव, लेखक, पृष्ठ. दहा-बारा मिनिटांनी माउस अडखळायला लागला. मग डिस्कचा लाल दिवा लागला तो विझेचना. अक्षर दाबलं की पाच सेकंदांनी उमटायचं. मग पडदा पूर्ण गोठला. मी हात मागे घेऊन बसले. चारेक मिनिटं गेली असतील, आणि एकदम सगळं मोकळं झालं, पण ब्राउझर नव्हता. खिडकीच गायब. त्यात भरलेल्या 38 लेखांच्या नोंदी होत्या, जतन न केलेल्या. टर्मिनलमध्ये टेसरॅक्टच्या एका पानाशीही 'मारलं' अशा अर्थाचा एकच इंग्रजी शब्द उमटला होता.

त्या नोंदी मला पुन्हा भराव्या लागल्या. खंडातल्या कविता बिननावाच्या असतात, त्यांचा कवी अनुक्रमणिकेत शोधावा लागतो, ते सगळं दोनदा केलं. म्हणून संध्याकाळी ठरवलं की याच्या मुळाशी गेल्याशिवाय पुढचा खंड लावायचा नाही.

कर्नलची नोंदवही वाचायला जर्नलसीटीएल -के ही कमांड आहे. तिथे स्पष्ट लिहिलेलं होतं: मेमरी संपली, अमुक क्रमांकाची प्रोसेस मारली. रॅम खरोखर संपली की कर्नल एका प्रोसेसचा बळी देऊन बाकीचं मशीन वाचवतो. निवड करताना मुख्यतः कोण किती मेमरी अडवून बसलंय ते बघतो. ब्राउझर त्यात नेहमी पुढे असतो.

मला कळेना ते वेगळंच. रॅम संपली हे ठीक, पण मग डिस्कचा दिवा चार मिनिटं का जळत होता? डिस्क एवढी राबत होती म्हणजे स्वॅप चालूच असणार, असं मला वाटत होतं. रात्री पुण्याला भाच्याला फोन केला. तो सर्व्हर सांभाळतो. म्हणाला, "मावशी, दिव्यावर जाऊ नकोस. आधी स्वॅपऑन शो चालवून बघ आणि काय येतं ते सांग."

"काहीच येत नाहीये रे. नुसती रिकामी ओळ."

"मग तुझ्याकडे स्वॅपच नाहीये."

फ्री -एच चालवलं. मेमरीच्या ओळीत आकडे होते, स्वॅपच्या ओळीत तीन शून्यं. एकूण शून्य, वापरलेलं शून्य, मोकळं शून्य. तीन दिवस मशीन स्वॅपशिवाय चालत होतं.

दिव्याचं कोडंही त्यानेच उलगडलं, आणि ते मला इतकं पटलं की इथे लिहायलाच हवं. स्वॅप नसलं तरी कर्नलकडे रॅम मोकळी करायचा एक मार्ग उरतो. चालू प्रोग्रॅमचा कोड, म्हणजे ब्राउझरच्या, डेस्कटॉपच्या स्वतःच्या फाइली, डिस्कवर असतातच. त्यांची रॅममधली प्रत फेकून दिली तर काही हरवत नाही, लागली की पुन्हा वाचता येते. म्हणून रॅम अगदी तळाला आली की कर्नल तेच फेकायला लागतो. पण प्रोग्रॅम चालू आहे, त्याला पुढच्याच क्षणी तोच कोड हवा असतो. मग पुन्हा डिस्कवरून वाचा, पुन्हा फेका. याउलट तासाभरापूर्वी उघडून बाजूला पडलेला मजकूर, ज्याची मूळ प्रत डिस्कवर कुठेच नाही, तो स्वॅप नसल्यामुळे हलवताच येत नाही आणि रॅम अडवून बसतो. म्हणजे स्वॅप नसताना फिरती डिस्क कधीकधी जास्त राबते. स्वॅपमुळे मशीन मंद होतं म्हणून काढून टाका, हा सल्ला मी बऱ्याच जणांकडून ऐकला आहे. कमी रॅमच्या मशीनवर तो पाळू नका.

आता नवं स्वॅप गेलं कुठे? एलएसबीएलके -एफ चालवलं. एसडीए6, प्रकार स्वॅप, जागच्या जागी. मग ईटीसी या सेटिंग्जच्या फोल्डरातली एफएसटॅब ही फाइल उघडली. मशीन चालू होताना काय कुठे जोडायचं ते त्यात लिहिलेलं असतं. त्यात इन्स्टॉलरने ठेवलेली एक टिप्पणी होती: इन्स्टॉल करताना स्वॅप एसडीए6 वर होतं. इथे मी पुन्हा फसले. फाइलमध्ये एसडीए6, डिस्कवर एसडीए6, मग चूक काय? दहा मिनिटं ती एकच ओळ वाचत बसले.

पण ती टिप्पणी आहे, तिच्यापुढे हॅशची खूण आहे, आणि मशीन तशा ओळी वाचतच नाही. ती माणसासाठी आहे. मशीनसाठीची ओळ तिच्या खालची, आणि तिथे एसडीए6 कुठेच नव्हतं. तिथे यूयूआयडी होता, छत्तीस खुणांचा लांब क्रमांक, सुरुवात 3एफ9सी. पार्टिशनांच्या ओळखी सांगणाऱ्या बीएलकेआयडी या कमांडला विचारलं तर आताच्या एसडीए6 चा क्रमांक बी71ई ने सुरू होणारा. मी दोन्हींची पहिली चार अक्षरं कागदावर एकाखाली एक लिहिली तेव्हा सगळं स्वच्छ दिसलं. आणि सोमवारी काळ्या पडद्यावर अण्णांनी पाहिलेला लांबलचक क्रमांक? तो 3एफ9सी वालाच. मशीन नव्वद सेकंद एका अशा पार्टिशनची वाट पाहत होतं जे मी रविवारी स्वतःच्या हाताने काढून टाकलं होतं.

एसडीए6 हा नुसता रांगेतला क्रमांक आहे. पोटातल्या पार्टिशनांपैकी दुसरं, एवढाच त्याचा अर्थ. मधलं एखादं काढलं तर पुढच्यांचे क्रमांक एकेकाने मागे येतात. म्हणून लिनक्स रांगेतल्या क्रमांकावर विसंबत नाही, पार्टिशनच्या आत लिहिलेल्या ओळखीवर विसंबतं. आणि एमकेस्वॅप, जे जीपार्टेडही पडद्यामागे चालवतं, ते प्रत्येक वेळी नवी ओळख लिहितं.

ती ओळख नेमकी कुठे असते हे मला डोळ्यांनी पाहायचं होतं. डीडी या नक्कल करणाऱ्या कमांडने एसडीए6 चे फक्त पहिले 4096 बाइट्स वाचले आणि हेक्सडंपमध्ये पाहिले. डीडी जपून वापरा. वाचायचं कुठून आणि लिहायचं कुठे याची अदलाबदल झाली तर पार्टिशन पुसलं जातं. पहिले 1024 बाइट्स शून्यं, ती जागा बूटच्या कामासाठी राखून ठेवलेली. मग चार-चार बाइट्सचे तीन आकडे, आणि लगेच सोळा बाइट्सची ओळख: बी7, 1ई, आणि पुढचे. त्यानंतर शून्यांच्या ओळीच ओळी. आणि त्या 4096 च्या अगदी टोकाला, शेवटच्या दहा बाइट्समध्ये, इंग्रजीत सलग लिहिलेलं 'स्वॅपस्पेस2'. पार्टिशन स्वॅपचं आहे हे कर्नल या दहा अक्षरांवरून ठरवतो. ती नसतील तर स्वॅपऑन हेडर वाचता आलं नाही म्हणून नकार देतं, पार्टिशन टेबलमध्ये प्रकार 82, म्हणजे लिनक्स स्वॅप, असा लिहिलेला असला तरी. मशीन झोपवून, म्हणजे रॅममधला मजकूर स्वॅपमध्ये लिहून हायबरनेट करून ठेवलेलं असेल तर याच जागी वेगळी खूण असते आणि बीएलकेआयडी त्याचा प्रकार स्वॅप न सांगता एसडब्ल्यूसस्पेंड सांगतं.

हायबरनेटचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट कळकळीने सांगते. पार्टिशनं बदलण्याआधी मशीन पूर्ण बंद करा, झोपवू नका. झोपवलेल्या मशीनच्या मनात जुन्या फाइलसिस्टिमचं चित्र तसंच राहिलेलं असतं. तुम्ही बाहेरून रचना बदलली आणि ते जुनं चित्र घेऊन उठलं, तर ते जुन्या हिशेबाने लिहायला लागेल आणि फाइली जातील. शेजारी विंडोज 8 किंवा पुढचं असेल तर त्यातलं फास्ट स्टार्टअपही आधी बंद करा, कारणं तीच.

दुरुस्ती पाच मिनिटांची होती. एफएसटॅबची एक प्रत बाजूला ठेवली, नॅनोमध्ये मूळ फाइल उघडली, 3एफ9सी वाला क्रमांक खोडून बी71ई वाला टाकला. तो हाताने टाइप न करता कॉपी केला. मग सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड, म्हणजे मशीन चालू होताना सगळं सुरू करणारा सिस्टमडी ती फाइल नव्याने वाचेल, आणि मग स्वॅपऑन -ए. स्वॅपऑन शोने या वेळी ओळ दाखवली: एसडीए6, पार्टिशन, 8 जीबी, वापर 0. मशीन पुन्हा चालू केलं. नव्वद सेकंदांची मोजणी गेली.

पण मशीन पूर्वीइतकं चटकन चालू होत नव्हतं. अगदी सुरुवातीला, काही दिसण्याआधी, थोडा वेळ नुसता काळा पडदा. सिस्टमडी-अनलाइझ चालवलं तर कर्नलचा वेळ 37 सेकंद आणि पुढचा 24. कर्नलला या मशीनवर पाच-सहा सेकंद पुरतात. म्हणजे आणखी कुठेतरी तीस सेकंदांची वाट पाहणं चालू होतं, आणि ते एफएसटॅब वाचण्याच्याही आधी. दुसऱ्यांदा चालू करताना पडद्याकडे डोळे लावून बसले तेव्हा एक ओळ पकडता आली: सस्पेंड-रिझ्यूमच्या डिस्कची वाट पाहणं सोडून दिलं, अशा अर्थाची.

जुनी ओळख आणखी एका ठिकाणी लिहिलेली होती. डेबियनमध्ये मूळ डिस्क जोडली जाण्याआधी इनिटरॅमएफएस नावाचं एक छोटं गाठोडं रॅममध्ये उघडतं. त्याचं एक काम असं की मशीन झोपवलेलं होतं का ते स्वॅपमध्ये डोकावून पाहायचं. कुठल्या स्वॅपमध्ये डोकावायचं, ते ईटीसीमधल्या इनिटरॅमएफएस-टूल्स या फोल्डरात, कॉन्फ-डीमधल्या रिझ्यूम नावाच्या फाइलीत असतं. एकाच ओळीची फाइल. उघडली तर त्यात 3एफ9सी.

तिथेही क्रमांक बदलला, मशीन पुन्हा चालू केलं, आणि काहीच फरक नाही. तेच 37 सेकंद. रात्रीचे साडेनऊ झाले होते, घरून फोन येत होता. मग लक्षात आलं की मी बदलली ती डिस्कवरची फाइल. मशीन वाचतं ते गाठोड्यात बांधलेली तिची प्रत, आणि गाठोडं जुनंच होतं. अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल चालवून सगळ्या कर्नलांची गाठोडी नव्याने बांधली. पुढच्या वेळी कर्नलचा वेळ 6 सेकंद. एकूण अर्धं मिनिट.

तिसरीही एक जागा असते, ती माझ्याकडे रिकामी निघाली: मशीन चालू होताना कर्नलला उठवणाऱ्या ग्रबची मूळ फाइल, ईटीसीमधल्या डिफॉल्ट फोल्डरातली. कुणी हायबरनेटसाठी मुद्दाम कर्नलच्या ओळीत रिझ्यूम लिहून ठेवलं असेल तर जुनी ओळख तिथेही राहते. बदलली तर अपडेट-ग्रब चालवावं लागतं.

हे सगळं झाल्यावर भाचा म्हणाला ते ऐकून मात्र वाईट वाटलं, कारण ते आधी माहीत असतं तर बुधवार वाचला असता. एमकेस्वॅपला -यू देऊन जुनीच ओळख लिहायला सांगता येते. जुनं स्वॅप काढण्याआधी क्रमांक टिपून ठेवायचा आणि नवं करताना तोच द्यायचा. मग एफएसटॅब नको, रिझ्यूम नको, गाठोडं नको, काहीच बदलायला नको. स्वॅप आधीच करून झालं असेल आणि चालू नसेल तर स्वॅपलेबल नावाची कमांड तेवढी ओळख बदलून देते.

त्याने आणखी एक विचारलं: पार्टिशन हवंच कशाला, स्वॅप फाइल का नाही? बरोबर आहे त्याचं. ईएक्सटी4 या लिनक्सच्या नेहमीच्या फाइलसिस्टिमवर एक साधी फाइल करायची, तिची परवानगी 600 ठेवायची म्हणजे रूट या मुख्य वापरकर्त्याशिवाय कुणी वाचणार नाही, मग एमकेस्वॅप आणि स्वॅपऑन. लहान-मोठी करायला पार्टिशनांना हात लावावा लागत नाही. उबंटूने 2017 पासून नव्या इन्स्टॉलमध्ये हेच ठेवलं आहे. फाइल मात्र सलग भरलेली हवी; मध्ये पोकळ्या असतील तर स्वॅपऑन घेत नाही. आणि तिच्यातून हायबरनेट करायचं तर ती डिस्कवर नेमकी कुठे सुरू होते तो आकडाही कर्नलला द्यावा लागतो. माझं पार्टिशन तयार होतं आणि चालत होतं, म्हणून मी ते राहू दिलं. आज नव्याने मशीन लावत असते तर फाइलच केली असती.

गुरुवारी तोच 412 पानांचा खंड पुन्हा लावला. चारऐवजी दोन प्रोसेस दिल्या, कारण फिरत्या डिस्कवरचं स्वॅप आधाराला आहे, रॅमच्या जागी ते चालत नाही. जास्तीत जास्त 1.3 जीबी स्वॅप वापरलं गेलं. ब्राउझर शेवटपर्यंत उघडा होता. पान 271 वर संपादकांच्या नावे आलेलं एक पत्र आहे, नळाच्या पाण्याबद्दलचं, आमच्याच पेठेतल्या कुणाचं तरी. 'पेठ' शोधलं की आता ते थेट सापडतं.

पुढच्या आठवड्यात बालविभागातल्या मशीनची पार्टिशनं बदलायची होती. जीपार्टेड उघडण्याआधी बीएलकेआयडीचा सगळा मजकूर वहीत उतरवला आणि अण्णांना मोठ्याने वाचायला लावून एकेक अक्षर जुळवून घेतलं. जीपार्टेडने स्वॅप केल्यावर त्याच लाइव्ह पेनड्राइव्हवरून एमकेस्वॅप -यू देऊन वहीतला क्रमांक लिहिला. सकाळी अण्णांनी बटण दाबलं आणि घड्याळाकडे बघत उभे राहिले. लाल चांदण्या आल्याच नाहीत.